थिबा राजवाडा ते उक्षी: रत्नागिरीतले दोन दिवस

रत्नागिरीला येणारे बहुतेक जण थिबा राजवाड्याला, म्हणजे इंग्रजांनी इथे आणून ठेवलेल्या ब्रह्मदेशाच्या (आजच्या म्यानमारच्या) राजाच्या वाड्याला, अर्धा तास देतात, दारात फोटो काढतात आणि गणपतीपुळ्याकडे निघतात. आम्ही तिथे अख्खी सकाळ घालवली, आणि माझ्या मते तेवढी हवीच. आई, मी आणि सहावीतला भाचा असे तिघे होतो. डिसेंबर होता, म्हणजे उन्हाचा त्रास फार नाही आणि हिंडायला दिवस पुरेसा.

राजवाड्यात शासनाचे प्रादेशिक वस्तुसंग्रहालय आहे. दगडी मूर्ती, राजघराण्याची छायाचित्रे, राजाच्या वापरातल्या काही वस्तू असे सगळे तिथे पाहायला मिळते. पण तिथली सर्वांत मोठी वस्तू म्हणजे ते घरच. जांभ्याच्या भिंती, उतरती छपरे, कोरीव काम केलेल्या अर्धवर्तुळाकार लाकडी खिडक्या. आधी बाहेरून एक पूर्ण फेरी मारा, मग आत शिरा. सगळ्यात शेवटी मागच्या बाजूला जाऊन बुद्धाची मूर्ती पाहा. ती थिबाने ब्रह्मदेशातून आणलेली, असे सांगतात.

जाण्यापूर्वी घरी बसून थोडे वाचून जा, विशेषतः मुले बरोबर असतील तर. भाच्याला मी गाडीतच गोष्ट सांगितली होती. थिबा हा ब्रह्मदेशाचा राजा, राजधानी मंडाले, कोनबाउंग घराण्यातला शेवटचा. १८८५च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी त्याला गादीवरून उतरवले तेव्हा तो अवघा २६ वर्षांचा होता. आधी मद्रास आणि १८८६ मध्ये रत्नागिरी. बरोबर राणी सुपायालत, धाकटी राणी आणि लहान मुली. त्याआधी २७ वर्षे, १८५८ मध्ये, याच इंग्रजांनी दिल्लीच्या बहादूरशहा जफरला रंगूनला नेऊन ठेवले होते. इकडचा बादशहा तिकडे गेला, तिकडचा राजा इकडे आला, आणि दोघेही परके आकाश बघतच गेले.

भाच्याने विचारले, मग तो इथे तीस वर्षे राहिला का? रत्नागिरीत तीस वर्षे, पण या वाड्यात नाही. वाडा १९१० मध्ये तयार झाला आणि राजा १९१६च्या डिसेंबरात गेला. म्हणजे या खिडक्यांच्या वाट्याला तो जेमतेम सहा वर्षे आला. त्याआधीची २४ वर्षे सरकारने दिलेल्या बंगल्यांत आणि सरकारच्याच तनख्यावर काढलेली. हे समजल्यावर भाचा खिडक्यांपाशी पुन्हा गेला. या वेळी मात्र खूप वेळ थांबला.

राजवाड्यावरून थेट थिबाच्या समाधीकडे जा. समाधी शिवाजीनगर भागात आहे. रिक्षावाल्याला 'थिबा राजाची समाधी' असे स्पष्ट सांगा, नुसते 'थिबा' म्हटले तर तो थिबा पॉइंटला नेईल. देह ब्रह्मदेशात न्यावा म्हणून राणी अडून बसली होती. सरकारने ऐकले नाही, आणि १९१९ मध्ये राजाचा देह, आधीच वारलेल्या धाकट्या राणीच्या देहाबरोबर, इथेच ठेवला. २०१२ मध्ये म्यानमारचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन इथे येऊन गेले. २०१६ मध्ये मृत्यूला शंभर वर्षे झाली तेव्हा राजाचे वंशजही आले. आम्ही गेलो तेव्हा तिथे दुसरे कोणी नव्हते. आईने पिशवीतली चार फुले वाहिली. थोरल्या राजकन्येची मुलगी टुटू याच गावात वाढली, मराठी बोलली, इथेच तिने संसार केला आणि २००० मध्ये इथेच वारली. आईला राजापेक्षा ही नात जास्त जवळची वाटली. मलाही.

संध्याकाळी थिबा पॉइंट. भाट्याची खाडी आणि समुद्र एकाच नजरेत येतात. सूर्यास्तानंतर तिथे रेंगाळण्यासारखे फार काही नाही. तारखा जुळवता आल्या तर जानेवारीत या. आर्ट सर्कल ही रत्नागिरीची संस्था राजवाड्याच्या प्रांगणात संगीत महोत्सव भरवते. एकेकाळी पहाऱ्यात असलेल्या अंगणात आता गाव गाणे ऐकायला बसते, हे मला फार मोलाचे वाटते. १८ मे हा जागतिक संग्रहालय दिन. त्या सुमारास कोकणात असाल तर काही कार्यक्रम आहे का, याची चौकशी करून ठेवा.

दुसरा दिवस कातळशिल्पांचा, म्हणजे उघड्या खडकावर फार पूर्वी कोरलेल्या चित्रांचा. ती कपाटात मांडून ठेवण्याजोगी नाहीतच, त्यामुळे आपल्यालाच सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या माळावर, जावे लागते. वेळ कमी असेल तर रत्नागिरी तालुक्यातले उक्षी गाव निवडा. जांभ्यात कोरलेला प्रचंड हत्ती आहे. त्याच्याभोवती गावकऱ्यांनी चिऱ्यांचा कठडा बांधलाय, त्यामुळे चित्रावर पाय न ठेवता वरून सगळे दिसते. भाच्याला आधी नुसत्या रेषाच दिसत होत्या. मग सोंड सापडली आणि तो ओरडलाच. हातात आणखी एक दिवस असेल तर राजापूर तालुक्यातल्या कशेळीचा हत्ती बघा. त्याच्या अंगात कितीतरी आकृत्या कोरल्यात. शेजारीच कनकादित्याचे मंदिरही आहे. कोकणातली ही ठिकाणे २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, तरी बऱ्याच जागा आजही उघड्या सड्यावर आहेत आणि त्यांना खरी राखण गावाचीच आहे.

सड्यावर सकाळी नाहीतर ऊन कलल्यावर जा. खोदाई उथळ असते, तिरपा उजेड पडला की उठून दिसते. भर दुपारी काहीच कळत नाही, वर सावलीला झाडही नसते. टोपी आणि पाणी बरोबर ठेवा. पावसाळ्यात चित्रांत पाणी साचते आणि गवत वाढते, तेव्हा नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. गावात आधी कोणाला तरी विचारा, वाट तेच दाखवतात. रेषा ठळक दिसाव्यात म्हणून खडूने गिरवू नका, पाय तर अजिबात ठेवू नका. आणि बेत ठरवताना वार बघून घ्या, कारण संग्रहालय सोमवारी बंद असते. सोमवार आलाच, तर तो सड्यासाठी ठेवा.