चालत्या मशिनीला हात

आमचे आबा कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर होते. चालत्या मशिनीला हात लावायचा नाही, हे त्यांनी आम्हा भावंडांना इतक्या वेळा सांगितलं की ते ऐकू येईनासं झालं. त्यात मी लेथवर गेलोच नाही. दुकानांचे जमाखर्च लिहीत बसलो. त्यामुळं हा नियम आपल्याला लागू नाही, अशी माझी समजूत.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट थांबले. माझा लॅपटॉप दहा वर्षांचा, चार जीबी रॅमचा. त्याचा प्रोसेसर जुना म्हणून विंडोज ११ त्याला उंबऱ्याच्या आत घेईना. बरा चालणारा लॅपटॉप भंगारात घालायचं जिवावर आलं, तेव्हा विंडोज काढून त्याच्या जागी लिनक्स टाकायचं ठरवलं. त्याचे प्रकार ढीगभर. आणि कुठलं टाकू, हे विचारत सुटलो.

तेवढं करायला नको होतं. लिनक्सवाल्याला असं विचारणं म्हणजे शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारच्या फुटबॉल मॅचला जाऊन 'यातली चांगली टीम कुठली हो?' म्हणण्यासारखं आहे. उत्तर तुम्ही कुणाच्या शेजारी बसलाय त्यावर. एकानं फेडोरा सांगितलं. दुसरा म्हणाला, 'भावा, आर्च टाक, नाद खुळा!' आर्चमध्ये नवीन काही आलं की लगेच मिळतं, आणि बरंचसं आपल्याच हातानं जोडावं लागतं. ज्याला स्क्रूड्रायव्हर धरायला येत नाही त्याला सुट्ट्या पार्टांची पेटी देण्यातला प्रकार.

खरं तर सगळ्यांचं इंजिन एकच. लिनस टोरवाल्ड्स नावाच्या हेलसिंकीच्या विद्यार्थ्यानं ते १९९१ मध्ये केलं. बॉडी, सीटा, हॉर्न ज्यानं त्यानं आपापल्या हौसेनं बसवलेले. डेबियन १९९३ चं, त्याच्यावरनं २००४ ला उबंटू, आणि उबंटूवरनं २००६ ला मिंट. आजा, बाप, नातू. मी नातू घेतला. खाली डाव्या कोपऱ्यात मेनू, घड्याळ उजवीकडं, सगळं ओळखीच्या जागी. आधी पेन ड्राइव्हवरनंच चालवून बघितलं. वायफाय लागलं, आवाज आला, मराठी टाइप झालं, मगच आत घेतलं. नवख्यानं एवढंच बघावं, असं माझं मत आहे. बाकीच्या चर्चा मिसळीच्या कटाएवढ्याच, संपत नाहीत.

दोन महिने एक तक्रार नाही. तोच घोटाळा झाला. सगळं सुरळीत चाललं की माणसाचे हात शिवशिवतात. एका रात्री डिस्कवरची जागा मोकळी करायला बसलो आणि पायथन ३ नावाचं काहीतरी दिसलं. मी कुठं प्रोग्रॅमिंग करतोय? टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, 'काढ' म्हणून आज्ञा दिली. स्क्रीनभर नावांची यादी धावत गेली. सोबत हे सगळं निघून जाईल, असं ते बिचारं सांगत होतं. पुढं जायचं का, वाय की एन? मी वाय दाबलं. यादी कोण वाचतंय?

रीस्टार्ट केल्यावर काळा पडदा. वरच्या कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरांत 'लॉगिन' आणि पुढं उघडझाप करणारी एक रेघ. मिंटच्या डेस्कटॉपचे कितीतरी भाग पायथनवर उभे असतात. मी तळाची वीट काढली होती.

पोरीला हाक मारली. 'आलो, पप्पा,' म्हणत आली. (आमच्यात पोरीसुद्धा 'आलो'च म्हणतात, पुण्याचे पाहुणे दचकतात.) तिनं आधी विचारलं, 'टाइमशिफ्ट लावलेलं काय?' टाइमशिफ्ट म्हणजे सिस्टिमच्या जुन्या प्रती तारखेनिशी जपून ठेवणारं टूल. मिंट टाकल्यावर पहिल्याच दिवशी वेलकमच्या खिडकीनं आग्रह केला म्हणून लावलं होतं, तेवढं पुण्य गाठीला. तिनं तोच पेन ड्राइव्ह लावला, त्यावरनं मशीन चालू केलं, टाइमशिफ्ट उघडून परवाची तारीख निवडली. चहा होईपर्यंत डेस्कटॉप परत जागेवर. माझी जमाखर्चाची कागदपत्रं जशीच्या तशी. टाइमशिफ्ट ठरावीक सेटिंगमध्ये फक्त सिस्टिम मागं नेतं, आपल्या होम फोल्डरला शिवत नाही.

ते बघताना आबा आठवले. इंजिन खोलायच्या आधी ते सेंटर पंच घेऊन दोन भागांच्या जोडावर समोरासमोर एकेक टिंब मारायचे. परत बसवताना टिंबाला टिंब आलं की झालं. बोल्ट वर्तमानपत्रावर निघाले त्याच क्रमानं मांडलेले. एकदा मी त्यातला एक खेळायला घेतला, तर पान्ह्याचा दांडा पाठीत बसला होता.

आता पायथन आहे तिथं आहे. मी त्याच्या वाटेला जात नाही. परवा सहज बघितलं, तर टाइमशिफ्टनंच डिस्कवर पंधरा जीबी अडवून ठेवलेत. एवढ्या जुन्या खुणा कशाला लागतायत? दोन-तीन काढल्या तर बरीच जागा होईल.

'पप्पा,' आतनं आवाज आला, 'काय करताय?'

'काय नाही,' म्हटलं.