कठड्याखालचं भोक

सकाळी गॅलरी झाडली की दुपारी परत त्याच जागी पिवळसर भुशाची ढिगली. दोन दिवस मी वाळवी वाळवी करत बसलो, शेवटी फरशीवर उताणा पडून लाकडी कठड्याच्या खालून बघितलं तर तिथे भोक, जेमतेम करंगळी जाईल एवढं, पण इतकं गोल की मी ड्रिल मशीन घेऊन पाडलं असतं तर नक्की वेडंवाकडं झालं असतं. कान लावला तर आत कुरकुर कुरकुर चालू. थोड्या वेळाने भुंगाबाई बाहेर आल्या, काळ्याभोर, तोंडाला भुसा.

बाईच, कारण पोखरायचं काम मादीचं. नर नुसता आपल्या तोंडासमोर येऊन घोंघावतो, दादागिरी करतो, आणि त्याला नांगीच नसते! मादीला असते, पण हातात धरून दाबल्याशिवाय ती सहसा चावत नाही. हे कळायच्या आधी मी टॉवेल फिरवत किती नाचलोय ते जाऊदे.

हा भुंगा लाकूड खात नाही, नुसतं कोरतो. थोडं आत गेलं की काटकोनात वळून लाकडाच्या रेषेने बोगदा, त्यात परागाचा गोळा, त्यावर एक अंडं, मग भुशाची भिंत, मग पुढची खोली, असे आगगाडीसारखे डबे. पुढच्या पिढ्या तेच घर वापरतात, वाढवतात, त्यामुळे एका भोकाने काही होत नाही पण वर्षानुवर्षं दुर्लक्ष केलं तर वासा आतून पोकळ, आणि अळ्यांसाठी सुतारपक्षी आला तर भोकाचं भगदाड. लाकूड पोखरणारा भुंगा कमळाची पाकळी तोडत नाही म्हणे, पण माझ्या कठड्याशी त्याचं तसलं काही नातं नव्हतं.

मी घाईघाईत भोकात पुट्टी भरली. दोन दिवसांत शेजारीच नवीन भोक, आतलीच बाहेर पडली असणार. मारावंसं वाटेना, वांग्या-टोमॅटोच्या फुलाला धरून अंग थरथरवत पराग झाडणारे हेच. मग पिल्लं उडून जाईपर्यंत थांबलो, लाकडाची खुंटी ग्लू लावून ठोकली आणि ऑइल पेंट मारला, कारण नुसत्या पॉलिशला हे फारसे जुमानत नाहीत. रंगवताना लक्षात आलं की आधीचा रंग वरून आणि समोरून, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल तेवढाच, खालची बाजू आणि कापलेली टोकं कोरडी ठणठणीत. ते काम मीच केलं होतं त्यामुळे शिव्या तरी कुणाला घालणार.

यंदा बाई आल्या, कठड्याखालून दोनदा पूर्ण फेरी मारली, आणि मागे टेकवून ठेवलेल्या जुन्या, बिनरंगाच्या शिडीकडे गेल्या. तिच्या खाली आता रोज भुसा पडतो. शिडीवर मी चढायचं सोडलंय.