शेअर न विकताच एएमटी बसला, आणि तोटा झाला तो वजाच होईना

अमेरिकेत ऑस्टिनला असताना मी 2021 च्या फेब्रुवारीत कंपनीचे आयएसओ (कर्मचाऱ्याला ठरलेल्या भावाने शेअर घ्यायचा हक्क) एक्सरसाइज केले, म्हणजे हक्क वापरून शेअर घेतले, 5,000 शेअर, स्ट्राइक प्राइस म्हणजे ठरलेला भाव 4 डॉलर, त्या दिवशीचा बाजारभाव 44. पदरचे 20,000 डॉलर भरले आणि शेअर तसेच ठेवले, कारण ऑफिसात जो तो सांगायचा एक वर्ष थांब, लाँग टर्म होईल, टॅक्स कमी बसेल. ते खरंय पण अर्धंच, एएमटीचं नाव कोणी काढलंच नाही. एएमटी म्हणजे अल्टरनेटिव्ह मिनिमम टॅक्स, साध्या टॅक्सच्या जोडीने करायचा दुसरा हिशोब, तो जास्त आला तर वरचा फरकही भरायचा.

मार्च 2022 मध्ये रिटर्न भरायला बसलो, सॉफ्टवेअरमध्ये फॉर्म 3921 चे (आयएसओ एक्सरसाइज केल्याचा कंपनीकडून येणारा फॉर्म) आकडे टाकले आणि भरायची रक्कम एका झटक्यात 44,700 डॉलरने वाढली. बायको शेजारीच होती, म्हणाली "अरे विकलेच नाहीस तर टॅक्स कसला?" मलाही तेच वाटलं, आधी आकडा चुकला असेल म्हणून तीनदा टाकून बघितला.

चुकला नव्हता. शेअरमागे 40 डॉलर म्हणजे एकूण 2 लाख, साध्या टॅक्समध्ये ते दिसतच नाहीत पण एएमटीत उत्पन्न धरतात. पगार 1,80,000 धरून झाले 3,80,000, त्यातून नवराबायकोची त्या वर्षीची सूट 1,14,600 गेली, उरलं त्यातल्या 1,99,900 पर्यंत 26 टक्के आणि वर 28. झाले 70,300, साधा टॅक्स होता 25,600, मधला फरक भरायचा.

आणि तोपर्यंत भाव आला होता 14 वर. सगळे विकले, 70,000 आले, त्यातूनच टॅक्स भरला. मला वाटलं एवढा पडलाय तर तो तोटा त्या 2 लाखातून वजा होईल, मी ज्यांना विचारलं ते सीएही हो म्हणाले. तसं होत नाही. विक्री 2022 ची, 2 लाख 2021 चे. हेच शेअर 31 डिसेंबर 2021 च्या आत विकले असते तर ते 2 लाख एएमटीत आलेच नसते, फक्त खरा झालेला नफा पगारासारखा धरला असता. हे मला त्या डिसेंबरात कोणी सांगायला हवं होतं, अजून जीव तुटतो.

पुढचं समजायला मला दोन रविवार लागले. एकाच शेअरची खरेदी किंमत दोन ठिकाणी दोन, साध्या हिशोबात 4 डॉलर, एएमटीत 44. म्हणजे तीच विक्री एकीकडे 50,000 चा नफा आणि दुसरीकडे दीड लाखाचा तोटा! पण कॅपिटल लॉस एएमटीतही इतर उत्पन्नातून वर्षाला 3,000 च वजा होतो, बाकीचा पुढे ढकलायचा. ब्रोकरच्या फॉर्मवर 44 कुठेच नसतो, तो आपणच एएमटीच्या फॉर्म 6251 वर टाकायचा, मी एक्सेलमध्ये दोन कॉलम करून ठेवलेत.

दिलासा एवढाच की भरलेला एएमटी क्रेडिट म्हणून परत मिळतो, फॉर्म 8801 दरवर्षी न चुकता भरायचा. ज्या वर्षी साधा टॅक्स एएमटीच्या हिशोबापेक्षा जास्त, तेवढ्या फरकापुरतं क्रेडिट सुटतं. 2022 ला 17,300 सुटले, 2023 ला 11,000, 2024 ला जवळपास 11,900. आता साडेचार हजार राहिलेत. एएमटीतला तोटा मात्र 1,41,000 तसाच पडलाय, पुढे कुठल्या शेअरवर नफा झाला तर एएमटीच्या कॉलममध्ये तो कापला जाईल, नाहीतर वर्षाला 3,000.