तांब्यावरची भाऊबंदकी

जुना डच नकाशा हाती आला की आधी उलटा करून मागची बाजू बघावी. पुढे जहाजं, हत्ती, नावाभोवतीची नक्षीदार महिरप असा सगळा थाट. मागे मात्र लॅटिन नाहीतर फ्रेंच मजकूर, तोही वाक्याच्या मध्येच तुटलेला. कारण हे पान कुठल्यातरी अ‍ॅटलासमधून सुटं करून विकलेलं असतं. आणि पुढे जिथे हिरवा रंग, नेमके तिथेच मागे तपकिरी डाग. तो हिरवा जंगालाचा, म्हणजे तांब्याचाच. तो हळूहळू कागद खातो, आणि कधीकधी नकाशा बरोबर सरहद्दीवरच फाटतो!

या धंद्याचा जीवही तांब्यातच होता. कोरणाऱ्याने पत्र्यावर सगळी अक्षरं उलटी कोरायची, मग खाचांत शाई भरून वरची पुसून काढायची आणि ओलसर कागद ठेवून पत्रा दाबयंत्रातून काढायचा. एकदा कोरलेला पत्रा पुढच्या पिढीलाही पुरायचा. त्यामुळे घराण्याची खरी इस्टेट म्हणजे पत्रे, आणि इस्टेट आली की भाऊबंदकी आलीच.

योडोकस होंडियसने 1604 मध्ये नकाशाकार मर्केटरच्या अ‍ॅटलासचे पत्रे विकत घेतले आणि त्यावर अ‍ॅम्स्टरडॅममध्ये नकाशांचं दुकान उभं केलं. त्याच्यामागे बायको, दोन मुलं आणि जावई योहानेस यान्सोनियस यांनी ते चालवलं. जवळच विलेम यान्सझोनचं दुकान. टायको ब्राहेच्या हाताखाली ग्रहतारे शिकून आलेला हा गडी. यान्सोनियस आणि यान्सझोन या नावांचा घोळ नको म्हणून 1621 च्या सुमारास त्याने ब्लाउ हे आडनाव लावलं. 1629 मध्ये होंडियसचा योडोकस याच नावाचा मुलगा वारला आणि विलेमने त्याचे पस्तीस-चाळीस पत्रे मिळवले. त्यावरचं होंडियसचं नाव घासून काढलं, आपलं कोरलं आणि छापायला लागला. मागे राहिलेला भाऊ आणि मेहुणा यान्सोनियस यांना तेच नकाशे नव्याने कोरून घ्यावे लागले. लबाडी म्हणा, व्यवहार म्हणा; मला यात विलेमचा हेवाच वाटतो.

त्याचा मुलगा योआन याने 1662 मध्ये अकरा खंडांचा लॅटिन अ‍ॅटलास काढला. रंगवलेला संच साडेचारशे गिल्डरच्या आसपास, म्हणजे घेणारे श्रीमंतच. त्यात आशियाचा नकाशा मात्र बापाच्याच वेळचा. दोन्ही कडांना देशोदेशींची जोडपी नटूनथटून उभी आणि माथ्यावर शहरांची छोटी चित्रं. त्यांत होर्मुझ आहे, कालिकत आहे, आपलं गोवंही आहे. चित्र सुरेख, माहिती जुनी.

बरं, नवी माहिती घरात नव्हती असं नाही. विलेम 1633 पासून डच ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकृत नकाशाकार होता आणि ते पद पुढे योआनकडे आलं. कंपनीच्या खलाशांना हाताने काढलेले नकाशे मिळत आणि ते गुप्त ठेवायचे असत. गंमत अशी, की लिन्सखोटेन नावाचा डच तरुण गोव्याच्या आर्चबिशपच्या पदरी पाच वर्षं राहून परतला आणि 1596 मध्ये त्याने पोर्तुगीजांचे जलमार्ग पुस्तकात छापून टाकले. दुसऱ्याचं गुपित बाजारात मांडून पूर्वेला पोचलेले हे लोक स्वतःच्या नकाशांना मात्र कुलूप लावून बसले.

फेब्रुवारी 1672 मध्ये ब्लाउंचा छापखाना जळाला, पुढल्या वर्षी योआन गेला आणि वाचलेले पत्रे लिलावात इतरांकडे गेले. नव्या धन्यांनी त्यावर आपली नावं घातली, म्हणजे विलेमचाच कित्ता.

कंपनीचे गुप्त नकाशे अखेर 1753 मध्ये छापले गेले, तेही व्हान क्यूलन या दुसऱ्या घराण्याकडून. त्यांत पाण्याच्या खोलीचे आकडे आहेत, खडक आहेत, नांगर टाकायच्या जागा आहेत. जहाज हाकायचं तर हेच हवेत. दिवाणखान्यात लावायला मात्र मी ब्लाउच घेईन. अर्थात आजची छापील नक्कल. अस्सलाचा भाव विचारून झालाय.