मोकळी जागा

"ही जागा मोकळी कोण म्हणतो? माझी सुकट वाळते तिथं!"

दापोलीकडच्या एका गावात आज ग्रामपंचायतीच्या भिंतीवर किनाऱ्याचा नकाशा लावला होता. भरतीरेषा निळी, कांदळवन हिरवं, सगळं सुबक. मावशींनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि बोट ठेवलं ते थेट कोऱ्या पट्ट्यावर.

"नोंद घेतो," साहेब म्हणाला. पोरगा तसा भला होता.

"आत्ता घे. माझ्यासमोर."

घेतली त्यानं. पेन्सिलीनं!

खरं तर मासळी सुकवायच्या जागा नकाशात दाखवा, असं 2011च्या सीआरझेड (किनारी पट्ट्यात काय बांधता येतं, याचे केंद्राचे नियम) अधिसूचनेतच आहे. पुढे 2019मध्ये दाट वस्तीच्या गावांसाठी (चौरस किलोमीटरला 2161हून जास्त माणसं) बांधकामबंदी भरतीरेषेपासून 200 मीटरवरून 50 मीटरवर आली. घर वाढवायला परवानगीसाठी खेटे घालणाऱ्या कोळ्यांना ती सवलत हवीच होती, त्यात वाद नाही. पण सुटलेल्या 150 मीटरांत आधी कोण बांधणार? मावशींचा मुलगा, की रिसॉर्टवाला?

किनाऱ्यावरच्या मंडळींनो, तुमच्या गावचा नकाशा कोणी पाहिलाय का? सुकवणीची जागा आहे त्यात?