नेटमध्ये भारी, मॅचमध्ये शून्य

“सर, नेटमध्ये एवढा भारी खेळतो, मग मॅचमध्येच काय होतं याला? टेम्परामेंट कमी पडतं का?”

मी मुलांना क्रिकेट शिकवतो. नाशिकच्या महात्मानगर ग्राउंडबाहेर किटबॅग स्कूटरवर चढवता चढवता कोणी ना कोणी मला हे विचारतंच. बहुतेकदा वडील, कधी आजोबा. तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा बैजवार सांगतो.

गोम नेटमध्येच, म्हणजे जाळीतल्या सरावातच आहे. तिथे तीन-चार बॉलर रांगेने येतात आणि दर दहा-पंधरा सेकंदांनी बॉल पडतो. चुकला तर खंत करायलाही सवड नाही, पुढचा आलाच. बोल्ड झाला तरी पोरगं स्टंप सरळ करतं आणि पुन्हा उभं राहतं. मॅचमध्ये एका ओव्हरला चारेक मिनिटं लागतात. त्यात बॉल हातातून सुटून बॅटपर्यंत यायचा वेळ मोजलात, तर सहाही बॉलचे मिळून चार-पाच सेकंद भरतील. बाकी सगळा वेळ नुसतं उभं राहायचं, त्यातलाही अर्धा समोरच्या टोकाला. त्याआधी पॅड बांधून तास-दीड तास प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलेलं असतं ते वेगळंच. कव्हर ड्राइव्ह आपण घोटून घेतो, पण या रिकाम्या वेळेचा सराव कोण देतं? आणि तेराव्या वर्षी रिकाम्या डोक्यात काय काय येतं! मघाशी बीट झालेला बॉल, सिलेक्टर आलेत की नाही, साइटस्क्रीनशेजारी, म्हणजे बॉलरमागच्या मोठ्या पडद्याशेजारी, हाताची घडी घालून उभे असलेले पप्पा.

म्हणून मी या मधल्या वेळात काय करायचं ते शिकवतो. बॉल झाला की स्क्वेअर लेगकडे चार पावलं चाल. जे चुकलं ते तिथेच मनात बोलून टाक, हवी तर स्वतःला शिवी घाल. परत येताना फील्ड बघ. गार्ड घेतल्यावर मात्र बॉलरच्या हातातला बॉल सोडून दुसरं काही नाही. कोणी ग्लोव्हजचा पट्टा उघडून पुन्हा लावतो, कोणी पिच ठोकतं. काय करतात याला महत्त्व नाही, दर वेळी तेच करतात की नाही एवढंच मी बघतो.

धावा अडल्या की मुलांचा जीव कासावीस होतो आणि आडवी बॅट निघते. त्यांना मी 2008 च्या सिडनी कसोटीतला राहुल द्रविड सांगतो. 18 वर अडकला, 40 बॉल एकही धाव नाही. अखेर सिंगल निघाली तेव्हा प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या आणि याने चक्क बॅट उंचावली. पोरं हसतात. हसू देत.

आठवड्यातून एक दिवस नेटमध्येही आऊट म्हणजे आऊट. पॅड सोडायचे आणि शेवटपर्यंत फील्डिंग करायची, पहिल्याच बॉलवर गेला तरी. यावरून पालक माझ्याशी भांडतात. फी भरतो आणि एकच बॉल? हो, एकच. मॅचमध्ये कधी कधी तेवढाच मिळतो.

आऊट दिल्यानंतरचं काय, याचं उदाहरण नाशिकमध्येच आहे. जानेवारी 2025 मध्ये गोल्फ क्लबवर, म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर, महाराष्ट्र-बडोदा रणजी सामना झाला. त्यात महाराष्ट्राचा बॅट्समन अंकित बावणे नव्हता. आधीच्या एका सामन्यात सर्व्हिसेस म्हणजे सैन्यदलांच्या संघाविरुद्ध त्याला झेलबाद दिलं होतं. रिप्लेमध्ये बॉल टप्पा पडून गेलेला दिसत होता, पण डीआरएस, म्हणजे रिप्ले बघून निर्णय बदलून मागायची सोय, नव्हती. तो मैदान सोडेना, खेळ सुमारे 15 मिनिटं थांबला. एका सामन्याची बंदी आली आणि तो सामना नेमका नाशिकचा निघाला. आमच्याकडे यावर कडाक्याचा वाद होतो: “सर, पण तो नॉटआऊटच होता ना!” मलाही तसंच वाटतं, आणि त्याचा संतापही कळतो. पण इतकी वर्षं रणजी खेळलेल्या माणसाला जे जड गेलं, ते अंडर-14 च्या पोराला आपोआप कसं जमेल? म्हणून सराव सामन्यात मी एखाद्याला मुद्दाम खोटं एलबीडब्ल्यू देतो. असं होणार हे आधी सांगितलेलं असतं. कधी आणि कोणाला, ते नाही. बॅट आपटली की पुढच्या सामन्यात बारावा.

आता थोडं तुमच्याबद्दल. साइटस्क्रीनजवळून “पाय काढ, पाय काढ” ओरडू नका. चार पावलं चालून त्याने रिकामं केलेलं डोकं तुम्ही पुन्हा भरता. आणि घरी जाताना गाडीवर मॅच काढू नका. मागे बसलेल्याला वाऱ्यात शब्द निम्मेच ऐकू येतात, आवाजाची पट्टी मात्र पूर्ण कळते.

घाबरणाऱ्याला टेम्परामेंट नाही, हे मात्र मला अजिबात मान्य नाही. आमच्याकडे एक डावखुरा ओपनर आहे. मॅचच्या सकाळी त्याला उलटी होते. नळावर तोंड धुतो, हेल्मेट चढवतो आणि पहिला बॉल खेळायला जातो, कारण दुसरं टोक त्याला आवडत नाही. हे कधी थांबेल, असं त्याची आई विचारते. बहुतेक थांबणार नाही, असं मी तिला सांगितलंय. नाश्ता तेवढा मॅचच्या दोन तास आधी द्या, आणि हलका.