ओळी परतताना

मेच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी आमच्या घरात बसायची सोय नसते. वर दोन गडी कौलं परतत असतात. रिपांवर साठलेली वर्षभराची धूळ, पालीची अंडी, वानरांनी टाकलेल्या आंब्याच्या कोयी, काय डोक्यावर पडेल त्याचा नेम नाही. म्हणून मी लॅपटॉप उचलून खळ्यात, मांडवाखाली आलो. झापांमधून कवडसे पडत होते, त्यातला एक नेमका स्क्रीनवर.

बाबांच्या वह्या टंकायचं काम गेल्या वर्षी अंगावर घेतलं आहे. का घेतलं, ते विचारू नये. वाळवी लागायच्या आत व्हावं, एवढंच. सध्या १९८६ ची वही चालू आहे. बाबांची पद्धत साधी होती. एक दिवस, एक ओळ. तारीख फक्त महिना बदलला की. "मुंबईची पट्टी आली. दलालाने हमाली दोनदा कापली." "पेंढा एक गाडी." "आढीत चार फळं डागी." "खालच्या कलमांवर तुडतुडा." आणि ज्या दिवशी काहीच घडलं नसेल, त्या दिवशी "काही नाही." तेही लिहायचे. ओळ वाया घालवणं त्यांना जमायचं नाही.

तर झालं असं की, पाच महिने टंकून झाल्यावर मला माझी जुनी खोड आठवली. वेड्यावाकड्या ओळी मला बघवत नाहीत. एक ओळ पार पलीकडे गेलेली, पुढची दोन शब्दांत संपलेली, ढासळलेल्या गडग्यासारखी. कुणाचा असा मजकूर आला की, आत काय लिहिलंय ते वाचायच्या आधी मी तो एफएमटीतून काढतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका सीनियरने शिकवलेली ही कॉम्प्युटरची आज्ञा. टर्मिनलवर तीन अक्षरं मारायची, फाइलचं नाव द्यायचं, की आखूड ओळी जोडल्या जातात, लांब ओळी मोडल्या जातात आणि परिच्छेद अंघोळ करून, भांग पाडून उभा राहतो. पूर्णविरामावर संपलेली ओळ पुढच्या ओळीला जोडताना मध्ये दोन जागा सोडतो, टायपिंगच्या क्लासातल्या मास्तरांसारखा. मला ते आवडतं.

त्याचा भाऊ फोल्ड, ओळी मोडणारी दुसरी आज्ञा, मात्र मला कधीच पटला नाही. ८० घरं मोजली की कोयता. शब्दाच्या मध्ये आलं तर शब्दाच्या मध्ये. हे ८० म्हणजे १९२८ साली आयबीएमच्या पंचकार्डावर होत्या तेवढ्या उभ्या रांगा. कार्डं गेली, पण आकडा राहिला, गावातल्या पाडून टाकलेल्या चौकीच्या नावाने अजून एसटीचा थांबा असतो तसा.

एफएमटी कापत नाही, बघतो. डोनाल्ड कनूथ आणि मायकेल प्लास या दोघांनी १९८१ मध्ये परिच्छेदाच्या ओळी कशा पाडाव्यात यावर एक लांबलचक निबंध लिहिला. ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचा एफएमटी त्याच वळणावर चालतो. आधी सगळा परिच्छेद वाचून घेतो आणि मग ठरवतो, कुठे मोडायचं. मर्यादा ७५ ची असली तरी सत्तरच्या आसपास थांबायचा त्याचा प्रयत्न असतो. थोडी जागा हाताशी ठेवून.

हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला आमच्याकडे नळे परतायला येणारा म्हातारा आठवला होता. तेव्हा मंगलोरी कौलं नव्हती, हाताने थापलेले अर्धगोल नळे होते. आम्ही पोरं शिडीपासून साखळी करून उभी. वरून नळे खाली यायचे, पुसून, फुटके बाजूला काढून पुन्हा वर जायचे. हाताचे तळवे लाल. म्हाताऱ्याचा मुलगा हाताला येईल तो नळा लावत सुटायचा आणि आढ्याजवळ पोचला की चार बोटांची फट उरायची. मग पुन्हा अख्खी रांग खाली सरकवा. म्हातारा आधी पूर्ण रांग सैल मांडून बघायचा. बिडी ओढायचा. खालून आजी ओरडायची, "वळचणीला अखंड लाव रे, पाऊस तुझ्या बिडीसाठी थांबत नाही." तो ऐकून घ्यायचा, आणि ज्या रांगेत वर एक आखूड नळा आहे तिच्यात खालपासूनच प्रत्येक नळा नखभर ओढून घ्यायचा. शेवटी फट कुठे गेली, ते आम्हाला कधी दिसलं नाही. आजी मात्र प्रत्येक रांग मोजायची. तिला मोजायचा नादच होता. पेटीतले आंबे दलालापेक्षा आधी तिच्या हातून जायचे.

असो. मी बाबांची फाइल व्हीआय या एडिटरमध्ये उघडली आणि सगळी एफएमटीतून काढली.

पहिल्यांदा हसू आलं. ओळी भलत्याच अरुंद पडल्या, चार-पाच शब्दांच्या. हा त्याचा जुना दोष. माझ्या मशीनवरचा एफएमटी अक्षरं मोजत नाही, बाइट म्हणजे साठवणीची घरं मोजतो, आणि देवनागरीत प्रत्येक चिन्हाला तीन बाइट. मात्रा वेगळी, अनुस्वार वेगळा. 'कौलं' हा शब्द आपल्याला दोन अक्षरांचा, त्याला बाराचा. म्हणून पूर्ववत केलं आणि डॅश डब्ल्यू देऊन ओळीची रुंदी २०० सांगितली. आता ओळी भरल्या. फोल्ड वापरला असता तर त्याने अक्षराच्याच खांडोळ्या करून प्रश्नचिन्हांचे काळे हिरे पेरले असते.

पण ओळी भरल्या आणि वहीच गेली. दिवस एकमेकांत शिरले. "मुंबईची पट्टी आली. काही नाही. काही नाही. पेंढा एक गाडी. आईला ताप. खालच्या कलमांवर तुडतुडा. आईला ताप. गडी दोन. वैद्य येऊन गेले. आढीत चार फळं डागी." हिशेब वाचतोय असं वाटेना. कुणीतरी शेजारी बसून, आवाज न चढवता सांगत असल्यासारखं वाटलं. बाबा एका दमात एवढं कधी बोलले नाहीत. ओळीगणिक टंकताना यातला ताप मला दिसलाच नव्हता.

"काय रे, मगाचपासून नुसता बघतोयस?" आई ओटीवरून म्हणाली. तिच्या हातात गड्यांचा चहा.

"ओळी नीट लावतोय."

"म्हणजे तुझंही परतणंच चाललंय की."

ती गेली. मी खाली सरकत राहिलो. एप्रिल संपला, मे आला, परिच्छेद चांगला विटेसारखा चौकोनी. आणि मग अर्धा पडदा कोरा. मला वाटलं फाइल संपली. संपली नव्हती, खाली आणखी मजकूर होता. एफएमटी सगळं जोडतो, पण रिकाम्या ओळीला हात लावत नाही. जेवढ्या दिल्यात, तेवढ्या तशाच ठेवतो. त्या मीच दिल्या होत्या. वहीत कोऱ्या होत्या म्हणून आठवड्यापूर्वी एकेक एंटर मारत गेलो होतो, न मोजता, टीव्हीकडे बघत.

बाबांनी "काही नाही" असंसुद्धा लिहिलं नव्हतं.

कर्सर पहिल्या कोऱ्या ओळीवर आणला आणि खालचा बाण दाबत मोजल्या. तेरा. चौदाव्या ओळीवर अक्षर तेच, शाई वेगळी होती, हे आत्ता आठवलं. "नळे परतले. दीडशे नवे."